शोकाची मालकी

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण इथं जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर संस्कृत नाटकं शिकवली. त्यामुळं विषय शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. पण रसविचारावर बोलायचं म्हटलं की एक धोका असतो. वक्ता नऊ रसांची यादी म्हणू लागतो, श्रोते पुढचं नाव मनातल्या मनात आधीच घेतात, आणि तासाभरानं सगळे जसे आले तसे घरी जातात. म्हणून आज यादी बाजूला ठेवू. एकच नाटक घेऊ आणि त्यातला एकच प्रेक्षक. नाटक भवभूतीचं ‘उत्तररामचरित’. प्रेक्षक खुद्द राम.

भवभूती आपल्याला परका नाही. तो आठव्या शतकाच्या सुरुवातीचा. आपलं गाव पद्मपूर असल्याचं तो स्वतः सांगतो, आणि वा. वि. मिराशींनी ते पद्मपूर म्हणजे विदर्भातलं आमगावजवळचं, आजच्या गोंदिया जिल्ह्यातलं पदमपूर असं मांडलं आहे. त्याच्या या नाटकाचा सातवा अंक पाहा. गंगेच्या काठावर प्रयोग मांडला आहे. संहिता वाल्मीकींची, पात्रं अप्सरा, आणि नाटक बसवायला दिलं आहे भरतमुनींकडे. म्हणजे नाट्यशास्त्राचा कर्ताच इथं नाटकात तालीममास्तर होऊन आला आहे. प्रेक्षकांत अयोध्येची प्रजा आहे, देव आहेत, राम-लक्ष्मण आहेत. समोर सीता येते. वनात टाकलेली, कळा लागलेली, गंगेत उडी घ्यायला निघालेली. राम कळवळून तिला हाक मारतो, क्षणभर थांब म्हणून विनवतो. शेजारी बसलेला लक्ष्मण त्याला भानावर आणतो: दादा, हे नाटक आहे.

माझ्या मते हा सबंध भारतीय रसविचारातला सगळ्यात बोलका प्रसंग आहे, आणि तो कुठल्या शास्त्रग्रंथात नाही. त्या काठावर बसलेल्या हजारो लोकांसमोर एकच प्रयोग चालू आहे. बाकीच्यांना करुण रस मिळतो आहे. रामाला मिळतो आहे शोक. का? कारण बाकीच्यांसाठी ती कुणा एका सीतेची कथा आहे, आणि रामासाठी ती त्याच्या बायकोची. शोकाला मालक असेल तर तो शोकच राहतो. मालकी सुटली की त्याचा करुण होतो. आज मला एवढंच सांगायचं आहे. मात्र ही मालकी सुटते कशी, ती सोडवायची जबाबदारी कुणाची, आणि ती सोडायला कुणी नकार दिला तर काय, हे तिन्ही प्रश्न वाटतात त्यापेक्षा अवघड आहेत.

आधी भरताची मांडणी थोडक्यात पाहू. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस आहेत, सातव्यात भाव. स्थायी भाव आठ: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. येऊन जाणारे व्यभिचारी भाव तेहतीस. घाम, रोमांच, अश्रू, आवाज कापरा होणं असे अंगावर उमटणारे सात्त्विक भाव आठ. एकूण 49. हा हिशेब कोरडा वाटतो, पण तेहतिसांची यादी सावकाश वाचली तर भरतानं माणसं किती बारकाईनं पाहिली होती ते कळतं. त्यात चिंता, असूया, गर्व आहेतच, पण आळस आहे, दचकून जागं होणं आहे, आणि ‘अवहित्थ’ आहे. मनातलं लपवण्यासाठी चेहऱ्यावर भलताच भाव आणणं, हाही त्यानं एक भावच धरला आहे. सुनेचं नाव निघाल्यावर एकदम पदर सावरत स्वयंपाकघरात जाणारी सासू आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. तिला भरताच्या यादीत जागा आहे.

हे भाव माणसाजवळ असतातच. रस मात्र कुणाजवळ आयता नसतो. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव एकत्र आले की तो निष्पन्न होतो, असं भरताचं सूत्र सांगतं. विभाव म्हणजे भाव जागा करणारी कारणं, माणसं, प्रसंग, भोवताल. अनुभाव म्हणजे तो भाव बाहेर दिसण्याच्या खुणा. भरत दृष्टान्त देतो तो जेवणाचा. नाना जिन्नस, मसाले, भाज्या एकत्र शिजल्यावर जी चव लागते ती कुठल्याच एका जिनसात नव्हती. गंमत अशी की या सूत्रात स्थायी भावाचं नावच नाही. पुढची काही शतकं पंडित या रिकाम्या जागेभोवतीच भांडत राहिले.

शास्त्र प्रत्यक्षात कसं चालतं ते पाहायला पुन्हा भवभूतीकडं जाऊ. तिसरा अंक, ज्याला ‘छाया अंक’ म्हणतात. सीतेला टाकल्याला बारा वर्षं झाली आहेत. राम पुन्हा जनस्थानात, पंचवटीच्या परिसरात आला आहे. सीता जिवंत आहे आणि तिथंच आहे, पण भागीरथीच्या वरामुळं ती कुणाला दिसत नाही. तिच्यासोबत तमसा ही नदी सखीसारखी आहे. रामाचा आवाज कानावर पडतो. राम मूर्च्छित पडतो. सीता धावत जाऊन त्याला हात लावते, तो शुद्धीवर येतो, स्पर्श ओळखतो, पण कुणीच दिसत नाही. मग वासंती ही वनदेवता येते. सीतेनं आपल्या हातानं पाला भरवून वाढवलेलं हत्तीचं पिल्लू आता दांडगा हत्ती झालं आहे. तिनं नाचायला शिकवलेला मोर कदंबावर बसला आहे. एकेक वस्तू रामाला दाखवली जाते. हे सगळे विभाव. वासंती सौम्य नाही. ती रामाला तोंडावर विचारते की तू हे केलंस तरी कसं, आणि रानात त्या एकटीचं काय झालं असेल असं तुला वाटतं?

या साऱ्या वेळात तमसा सीतेच्या चेहऱ्याकडं पाहते आहे. एका क्षणी ती तिला सांगते की तुझं मन आत्ता निराशेनं अलिप्त झालं आहे, झालेल्या अन्यायानं कडवट झालं आहे, इतक्या वर्षांनी अचानक भेट झाल्यानं थिजलं आहे, स्वभावातल्या चांगुलपणानं निवळलं आहे, त्याचं दुःख पाहून कळवळलं आहे, आणि प्रेमानं विरघळलं आहे. सहा भाव, एकाच क्षणात, एकमेकांना छेद देणारे. यातला एकही टिकणारा नाही, आणि त्यांच्या ये-जा करण्यातूनच खाली सलग वाहणारा भाव प्रेक्षकाला जाणवतो. व्यभिचारी भाव समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इथं आणखी एक गोष्ट घडते. भरतानं करुण आणि वियोगाचा शृंगार यांत स्पष्ट फरक केला आहे. पुन्हा भेटीची आशा शिल्लक असेल तर तो विप्रलंभ, आशाच संपली असेल तर करुण. आता राम सीता गेली असं धरून चालला आहे, म्हणून त्याच्या बाजूनं करुण. सीतेला तो समोर दिसतो आहे, म्हणून तिच्या बाजूनं विप्रलंभ. आणि आपण प्रेक्षक, दोघांनाही पाहणारे, दोन्हींच्या मध्ये उभे. अंकाच्या शेवटी तमसा म्हणते की करुण हा एकच रस निमित्ताप्रमाणं वेगवेगळी रूपं घेतो, जसं एकच पाणी भोवरा, बुडबुडा, लाट होतं. भवभूतीची ही कविसुलभ अतिशयोक्ती मानली, तरी या अंकापुरती तिची सत्यता नाकारता येत नाही.

आता प्रश्न असा की हा रस नेमका राहतो कुठं? भट्ट लोल्लट म्हणाला की तो मुळात रामात, आणि रामाची भूमिका करणाऱ्या नटात. स्थायी भाव पुष्ट झाला की रस झाला. श्रीशंकुकानं हे मान्य केलं नाही. प्रेक्षक नटावरून रामाच्या भावाचं अनुमान करतो, आणि ते अनुमान चित्रातल्या घोड्याला घोडा म्हणण्यासारखं असतं, खरंही नाही आणि खोटंही नाही. भट्टनायकानं विचारलं की दुसऱ्याच्या दुःखाचं नुसतं अनुमान करून मला आनंद का व्हावा? आणि दुःख माझंच मानलं तर मी नाट्यगृहातून उठून पळणार नाही का? त्यानं उत्तर दिलं साधारणीकरणाचं. काव्यामध्ये अशी शक्ती असते की सीता ही अमक्याची मुलगी, तमक्याची बायको राहत नाही, आणि तिचं दुःख माझं किंवा परक्याचं यांपैकी काहीच राहत नाही.

या सगळ्यांवर काश्मीरच्या अभिनवगुप्तानं, सन 1000च्या सुमारास, ‘अभिनवभारती’त कळस चढवला. त्याचं म्हणणं, रस बाहेरून येत नाही. प्रत्येकाच्या मनात वासनारूपानं, म्हणजे सुप्त संस्कारांच्या रूपानं, असलेले भाव नाट्यामुळं प्रकट होतात, आणि ते निर्विघ्नपणे आस्वादले जातात तेव्हा रस. मला यातला ‘निर्विघ्न’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण अभिनवगुप्त तिथं थांबत नाही, तो विघ्नं मोजतो. सात विघ्नं. घटना पटतच नसेल तर ते पहिलं. भाव माझाच आहे किंवा त्या परक्याचाच आहे, अमक्या काळचा, अमक्या गावचा आहे, असं मन धरून बसलं तर ते दुसरं. प्रेक्षक आपल्याच सुखदुःखात बुडालेला असेल तर ते तिसरं. साधनं अपुरी पडली, चित्र स्पष्ट उमटलं नाही, गौण गोष्टीला प्राधान्य मिळालं, कुठला भाव आहे याचाच संशय राहिला, ही उरलेली.

गंगाकाठचा राम दुसऱ्या आणि तिसऱ्या विघ्नात एकाच वेळी सापडला आहे. भवभूती अभिनवगुप्ताच्या आधी सुमारे तीन शतकं होऊन गेला. शास्त्रकाराला जे सिद्ध करावं लागलं ते नाटककारानं नुसतं उभं करून दाखवलं होतं.

पण विघ्नांइकतेच त्यांचे उपाय महत्त्वाचे आहेत, कारण अभिनवगुप्त ते सगळे रंगमंचावर शोधतो. भावाची मालकी सुटावी म्हणून पूर्वरंग, प्रस्तावना, नटाचा मुकुट आणि वेश. प्रेक्षक आपल्या घरच्या काळजीतून बाहेर यावा म्हणून गाणं, वाद्यं, सजवलेला मंडप. आपल्या संगीत नाटकाची सुरुवात आठवा. तिसरी घंटा, ऑर्गनचा सूर, नांदी, सूत्रधार आणि नटीचा संवाद. हे सगळं पाल्हाळ आहे असं समजून आपण नंतर कापून टाकलं. खरं तर दुकान बंद करून, मुलाची फी भरून आलेल्या माणसाला त्याच्या दिवसातून उचलून नाटकात नेऊन ठेवायचं काम त्या दहा-पंधरा मिनिटांत चालायचं.

मराठी रंगभूमीनं या विचाराचा पुरावाही आपल्या पद्धतीनं दिला आहे. चौदाव्या शतकातला विश्वनाथ ‘साहित्यदर्पणा’त म्हणतो की करुण रसात खरोखरच दुःख असतं, तर कुणी तिकडं फिरकलंच नसतं. आपल्याकडं लोक नुसते फिरकले नाहीत. 1919 साली ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं, त्याचे नाटककार गडकरी गेल्यानंतर महिन्याभरात. दारिद्र्यात खचत गेलेली सिंधू, अंगावर ठिगळांचं लुगडं, भूमिकेत बालगंधर्व. प्रेक्षक डोळे पुसायचे आणि त्याच तोंडानं ‘वन्स मोअर’ मागायचे. आता विचार करा. घरच्या दुःखाला कुणी वन्स मोअर मागतं का? टीकाकारांनी या प्रथेची खूप टिंगल केली, आणि नाट्यदृष्टीनं ती योग्यच होती. पण रसशास्त्राच्या दृष्टीनं तो आरोळी ठोकणारा पिटातला प्रेक्षक विश्वनाथाचाच मुद्दा सिद्ध करत होता.

याच नटाची दुसरी गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. 1911 साली मुंबईत ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची मुलगी गेली. प्रयोग झाला. त्यांची भामिनी रंगमंचावर आली, गायली, रुसली, हसली. आपण ही गोष्ट कर्तव्यनिष्ठेची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. पण लोल्लटाच्या मताला तिनं दिलेलं उत्तरही पाहा. रस नटात असता, तर त्या रात्री नाट्यगृहात शृंगार उगवायलाच नको होता. राम प्रेक्षक असून शोकाची मालकी सोडू शकला नाही. इथं एका बापानं आपला शोक विंगेत ठेवला, आणि लोकांना त्याचा पत्ता लागू दिला नाही. तिथं अवहित्थ आणि अभिनय यांच्यातली सीमा कुठं होती, हे सांगायची माझी छाती नाही.

दुसऱ्याच्या दुःखातून आनंद का मिळतो, या प्रश्नावर मराठी समीक्षेतही दणकून वाद झाले. 1921च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक पात्राच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचं भान सोडत नाही, आणि या दुहेरी अवस्थेत आनंद आहे. ‘अभिनवभारती’चा पहिला खंड त्याच बडोद्यात गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून छापून निघाला तो 1926 साली. म्हणजे केळकर बोलले तेव्हा तो ग्रंथ छापील रूपात समोर नव्हता. तरीही ते त्याच दारापर्यंत पोहोचले. फरक इतकाच की केळकरांचा वाचक दोन जागी उभा राहतो, स्वतःच्या आणि पात्राच्या. अभिनवगुप्ताच्या सहृदयाला, म्हणजे जाणत्या रसिकाला, दोन्ही जागा सोडाव्या लागतात. पुढं के. ना. वाटव्यांचा ‘रसविमर्श’, ग. त्र्यं. देशपांड्यांचं ‘भारतीय साहित्यशास्त्र’, र. पं. कंगल्यांचा ‘रस-भावविचार’ अशी भक्कम पुस्तकं मराठीत झाली. ज्यांना खोलात जायचं आहे त्यांनी आधी ती वाचावीत.

आता अडचणीची बाजू. ती टाळून खाली बसलो तर सरांना आवडलं नसतं.

याच ‘उत्तररामचरिता’चा दुसरा अंक आहे. शूद्र असून तप करतो म्हणून राम शंबूकाला मारतो. भवभूतीला तिथं काहीतरी खुपलं असावं, कारण रामाचा हात चटकन उठत नाही. तो आपल्याच उजव्या हाताला बोल लावतो: गरोदर सीतेला हाकलणारा तू, तुला कसली दया? इतकं लिहूनही कवी पुढं सोपी वाट काढतो. मेलेला शंबूक दिव्य रूप घेऊन उभा राहतो, रामाचे आभार मानतो आणि त्याला रान दाखवतो. सीतेच्या शोकाला सबंध नाटक मिळालं. शंबूकाच्या वाट्याला शोकसुद्धा आला नाही.

हा अंक आज महाराष्ट्रात वाचणारा कुणी तिथं अडला, तर त्याला अरसिक म्हणायचं का? शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ या पुस्तकात घेतलेला आक्षेप याच जातीचा आहे. ज्या साहित्यातून वाचक अस्वस्थ व्हायला हवा, त्याला आनंदाची मोजपट्टी लावू नका. या आक्षेपावर अनेक परंपराभिमानी मंडळी चिडतात. मला तो शास्त्राच्या आत बसूनही समजतो. पहिलं विघ्न कोणतं होतं? घटना मनाला न पटणं. शंबूकाच्या कृतज्ञतेशी माझं हृदय जुळत नाही. मग दोष माझा कसा? अभिनवगुप्तानं प्रत्येक विघ्नावर उपाय सांगितला तो रंगकर्मीला, आणि साधारणीकरण ही भट्टनायकानं काव्याची शक्ती म्हणून सांगितली. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मारलं गेलं त्यानं आपल्या दुःखाची मालकी सोडावी, अशी मागणी करण्याचा अधिकार कुठल्याच नाटकाला नाही. मालकीचं ते सुटणं नाटकाला कमवावं लागतं. त्या दुःखाला आधी पुरता विभाव द्यावा लागतो, अंक द्यावा लागतो, तोंडावर प्रश्न विचारणारी वासंती द्यावी लागते. सीतेला ते सगळं मिळालं, म्हणून तेरा शतकांनंतरही ती कुणाच्याही घरची होते.

तरीही मी आनंद ही कसोटी सोडायला तयार नाही. अस्वस्थता आणि आस्वाद एकमेकांचे वैरी नाहीत. भरतानं जुगुप्सा आणि भय यांनाही रसात जागा दिली, ती मनाला गोड वाटतात म्हणून दिलेली नाही. त्यांच्याकडं पळून न जाता पुरतं पाहता येतं, आणि त्या पाहण्यात मन मोठं होतं, म्हणून दिली. दलित आत्मकथन वाचताना ज्याच्या घरात ते दुःख कधीच नव्हतं असा वाचक जेव्हा मान खाली घालतो, तेव्हा त्या दुःखाची मालकी पसरलेली असते. लेखकानं ते पसरणं कमावलेलं असतं.

शेवटी आपल्या भोवतीच्या व्यवहाराबद्दल थोडं. मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त रसदोष सांगितले, त्यांत रसाचं किंवा भावाचं नाव घेऊन तो सांगणं हा एक दोष. करुण दाखवायचा तर ‘करुण’ म्हणायचं नाही. आज मालिकेत सून रडण्याआधी व्हायोलिन रडतं. निवेदक गाण्याआधीच बजावतो की पुढचं गाणं डोळ्यांत पाणी आणणार आहे. जाहिरातीत ‘भावनिक’ हा शब्द पोस्टरवर छापलेला असतो. या सगळ्यानं डोळे भरतात हे खरं, मी ते खोटं म्हणत नाही. पण भरतात ते बहुधा स्वतःच्या आठवणीनं. आई गेलेली असते, मुलगी सासरी गेलेली असते, ते दुःख बटण दाबल्यासारखं वर येतं आणि जसं आलं तसं परत जातं. भाव जागा झाला, मालकही तोच राहिला, आणि माणूस होता तिथंच. रसाला वेळ लागतो, कारण सीतेच्या मनातले ते सहा भाव एकामागून एक येऊन जावे लागतात.

तेव्हा माझं मागणं साधं आहे. शाळा-कॉलेजांत नवरसांची यादी पाठ करून घेण्याऐवजी एक अंक, एक प्रवेश सावकाश वाचून घ्या, आणि मुलांना विचारा की या पानावर किती भाव आले आणि गेले. आणि आपण मोठ्यांनी नाटक पाहून बाहेर पडताना ‘रडू आलं का’ एवढ्यावर न थांबता, जे रडलो ते कुणासाठी, हेही एकमेकांना विचारावं. उत्तर ‘माझ्यासाठी’ असं आलं तर लाजायचं कारण नाही, राम त्याच रांगेत बसलेला आहे. पण उत्तर ‘जिच्याशी माझा काहीच संबंध नव्हता तिच्यासाठी’ असं आलं, तर त्या नाटकानं आपलं काम केलं असं खुशाल समजावं.